धावत्या अक्षरापुढची जागा

सांगतोय ते खरं आहे.

माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलेलं. आत्या थापा मारत नाही. तिला थापा मारता आल्या असत्या तर ती आज कुठल्या कुठे असती, असं माझी आईसुद्धा म्हणते. आणि नणंदेबद्दल चांगलं बोलायची आईला मुळीच सवय नाही.

आणखी एक आधीच सांगून ठेवतो. रात्र नव्हती. वादळ नव्हतं, दिवे गेले नव्हते. भर दुपार होती आणि खोलीत ट्यूबलाइट लख्ख पेटलेल्या होत्या. असल्या गोष्टी अंधारातच होतात असं ज्यांना वाटतं, त्यांना लांबूनच नमस्कार.

आत्या पाट्या रंगवायची. तेव्हा कॉम्प्युटरमधून अक्षरं निघत नव्हती. दुकानाची पाटी असो की टेम्पोची पाठ, सगळं हाताने. जोडीला तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा. ते तेव्हा इतके किडकिडीत होते की आत्या त्यांना काडी म्हणायची. गोष्टीपुरता मीही काडीच म्हणतो. बाबांनी वाचलं तर माझी खैर नाही.

दोघांना हे काम शिकवलं पेंटरआजोबांनी. आजोबा आमच्या नात्यातले नव्हते, पण नात्यातल्यांपेक्षा जास्त होते. त्यांचं एक अक्षर सगळीकडे प्रसिद्ध होतं.

जाड, सरळसोट. कुठे टोक नाही, शेपूट नाही, नक्षी नाही. आणि सगळंच्या सगळं उजवीकडे झुकलेलं, पायांच्या पुढे डोकं. लांबून पाहिलं तरी वाटायचं, अक्षरं पळत सुटलीत. लोक त्याला धावतं अक्षर म्हणायचे. ट्रकवाल्यांना तेच हवं, सायकलच्या दुकानाला तेच हवं, घाईत असलेल्या प्रत्येकाला तेच हवं.

पण आजोबांची एक अट होती.

धावत्या अक्षरात काहीही लिहा, शेवटच्या अक्षरापुढे एका अक्षराची जागा मोकळी सोडायची. म्हणजे सोडायचीच. त्यामुळे त्यांची प्रत्येक पाटी डावीकडे सरकल्यासारखी दिसायची. गिऱ्हाईक कुरकुर करायचं, पेंटर, अंदाज चुकला का? आजोबा म्हणायचे, "पळणाऱ्याच्या तोंडासमोर भिंत बांधू का?"

आत्याने एकदा विचारलं होतं, नाही सोडली तर काय होईल?

आजोबा बराच वेळ ब्रश धूत राहिले.

"एकदा नव्हती सोडली," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी दुकानाचं दार संध्याकाळपर्यंत कुणाला लावू दिलं नाही. वाऱ्याने आपटलं तरी उठून उघडायचे.

आजोबा गेले, आणि त्यानंतर काही महिन्यांनी हे काम आलं.

एका माणसाने तळघरात नवी जिम काढली होती. आडवातिडवा गडी, सगळे त्याला पैलवानच म्हणत. मनाने चांगला, पण आपल्या दंडांवर भारी जीव. बोलता बोलता स्वतःचाच दंड चाचपायचा. त्याला मोठ्या भिंतीवर दोनच शब्द हवे होते. थांबू नका. जमिनीपासून छतापर्यंत, लाल रंगात, धावत्या अक्षरात. संध्याकाळी जिम उघडणार होती.

खोली कशी होती ते नीट ऐका, कारण सगळं त्यावरच आहे.

तळघराला खिडकी नव्हती. हवा खेचणारा एक पंखा वर कोपऱ्यात. अक्षरांची भिंत उजवीकडे जिथे संपते तिथे कोपरा, आणि कोपरा वळला की लगेच दार. लोखंडी. आत उघडणारं. त्या खोलीतून बाहेर जायची तेवढी एकच वाट.

आत्याने भिंत मोजली, जागा सोडून खुणा केल्या. पैलवान मागे उभा होता.

"ताई, एवढी भिंत रिकामी का? लोक म्हणतील रंग संपला."

"पद्धत आहे आमची," आत्या म्हणाली.

"पद्धत तुमची, पण भिंत माझी ना," असं हसत म्हणून तो सामान आणायला गेला. आत्याही लाल रंगाचा आणखी एक डबा आणायला दुकानात गेली.

परत आली तर काडीने तिच्या खुणा पुसल्या होत्या.

निळ्या पुडीत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणायची, मधोमध उचलून सोडायची, की सरळ रेघ उमटते. तशा तिरक्या निळ्या रेघा त्याने भिंतभर नव्याने मारल्या होत्या. मोठ्या, ऐटदार, बघत राहावं अशा. शेवटच्या 'का'चा काना थेट कोपऱ्याला भिडलेला. काना तिरका, म्हणून आधी त्याचं डोकंच कोपऱ्यात घुसलेलं.

"हे काय केलंस?"

"ताई, गिऱ्हाइकाला हवं ते द्यावं. आजोबा गेले. आता त्यांचं खूळ पण जाऊ दे."

आत्याला राग आला. पण खरं सांगायचं तर ती रेखाटणी तिच्यापेक्षा सरस होती, आणि ते तिलाही दिसत होतं. पोरगा पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्याने काही करून दाखवत होता. लहानपणी आई गेली तेव्हापासून तिनेच त्याला वाढवलेलं. त्याचा उतरलेला चेहरा तिला बघवायचा नाही. हा तिचा जुना रोग, अजून बरा झालेला नाही.

"बरं. भर रंग," ती म्हणाली.

वरच्या मजल्यावर सुतार काम करत होते. भुसा जिन्यावरून खाली यायचा आणि ओल्या रंगाला चिकटायचा. म्हणून काडीने दार लोटून घेतलं. कडी लावली नाही, नुसतं लोटलं.

दोघं कामाला लागले. पटकन सुकणारा रंग होता. एक अक्षर भरून होईपर्यंत आधीचं सुकलेलं. भर दुपारी काडीने कान्याचं शेवटचं टोक कोपऱ्यात भरलं.

"झालं," तो म्हणाला.

आणि मग…

सप. सप. सप.

अनवाणी पाय रबरावर पडावेत तसा आवाज. जिमची जमीन रबराचीच होती.

"सुतार," काडी म्हणाला.

आत्याने वर पाहिलं. सुतारांची करवत मघाशीच बंद पडली होती. ते जेवायला गेले होते. वर अगदी शांत होतं.

सप. सप.

डावीकडून उजवीकडे.

आत्या काम बघायला दहा पावलं मागे गेली. रंगाऱ्याची सवय, लांबून बघितल्याशिवाय अक्षर कळत नाही. तिने पाहिलं आणि डोळे चोळले.

'न' आणि 'का' यांच्यात तळहाताएवढी फट सोडलेली होती. आता तिथे बोट गेलं नसतं.

"काडी, तू 'न' जाड केलास?"

"मी हातसुद्धा लावला नाही. 'न' तुझा."

ती भिंतीपाशी गेली.

'न'ची निळी रेघ तिथेच होती, जिथे दोरीने मारली होती तिथे. अक्षर मात्र रेघेवर नव्हतं. रेघेच्या उजवीकडे होतं. मधे कोरी भिंत. लाल रंगाचा डागही नाही, जणू तिथे कधी ब्रश लागलाच नव्हता.

'बू'चंही तसंच. 'थां'चंही तसंच.

तिने रंगाला बोट लावलं. कोरडा ठणठणीत.

सुकलेला रंग सरकत नाही हो. वीस पाट्या रंगवा नाहीतर वीस हजार, सुकलेला रंग सरकत नाही.

"बाहेर चल," आत्या म्हणाली. "ब्रश राहू दे. आधी बाहेर चल."

तिचा आवाज ऐकून काडीने ब्रश टाकला. त्याने दाराची मूठ धरून ओढली.

दार दोन बोटं उघडलं. फटीतून जिन्यावरचा उजेड दिसला.

आणि मग… दार आपोआप मिटलं.

आपटलं नाही. हळूच मिटलं. गर्दीतल्या माणसाने पाठ टेकावी आणि दार लागावं, तसं.

काडीने पुन्हा ओढलं. दोघांनी मिळून ओढलं. आत्याने भिंतीला पाय लावून ओढलं. दार बोटभर यायचं आणि परत जायचं. बाहेरून कुणी खेचत नव्हतं. फटीतून जिना रिकामा दिसत होता. जोर आतून लागत होता. त्यांच्याच बाजूने.

खोलीत ती दोघंच होती.

मग हवा बदलली. पंखा फिरत होता, पण हवा गरम झाली. दमट. बंद खोलीत पुष्कळ माणसं पुष्कळ वेळ उभी राहिली की येतो तसा वास. घामाचा. त्या जिममध्ये अजून एकाही माणसाने घाम गाळलेला नव्हता.

"ताई, मला ढकलू नकोस," काडी म्हणाला.

आत्या त्याच्या शेजारी होती. तिचे दोन्ही हात मुठीवर होते.

"मी नाही रे ढकलत."

तोवर तिच्याही पाठीवर काहीतरी आलं होतं. हात नव्हे. तिने मला कितीदा सांगितलंय, हात नव्हते, नखं नव्हती, तसलं काही नव्हतं. नुसतं वजन. खूप जणांचं मिळून एक वजन, आणि ते सगळं दाराकडे. तिचा गाल लोखंडाला चिकटला. श्वास घ्यायला छाती फुगवावी लागते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण छाती फुगायला जागाच उरली नाही.

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. पैलवान आला होता.

"अहो ताई, दार का दाबून धरलंय? मस्करी बास झाली."

"ढकला," आत्या कशीबशी बोलली. "जोरात ढकला."

पैलवानाने खांदा लावला. दार चार बोटं आत आलं आणि त्याला तसंच मागे रेटून बंद झालं. त्याने पुन्हा खांदा लावला. बाहेरून त्याचं घुसमटलेलं कण्हणं ऐकू आलं. हा माणूस टेम्पो मागून ढकलून चालू करायचा.

"आत किती जण आहेत?" त्याने विचारलं. आता आवाजात मस्करी नव्हती.

आत्याने मान वळवली. तेवढीच वळत होती. तिला भिंत दिसली.

चारही अक्षरं कोपऱ्यात गोळा झाली होती. एकावर एक. 'थां' 'बू'वर रेललेला, 'बू' 'न'वर, 'न'ची वरची रेघ 'का'च्या पोटात रुतलेली. डाव्या बाजूची सगळी भिंत पांढरी, कोरी, नुसत्या निळ्या रेघा. दोन शब्द राहिलेच नव्हते. बंद दारापाशी लोटलेली माणसं वरून बघावीत, तसं दिसत होतं.

एकदा नव्हती सोडली.

"काडी," ती म्हणाली, "जागा कर त्यांना. शेवटचं अक्षर पूस."

कोपऱ्यात पांढऱ्या रंगाची बादली होती, त्यात रोलर. दारापासून हातभर अंतरावर. आत्या तिकडे सरकू लागली तर काडीने तिला कोपराने अडवलं.

"मी काढलं, मीच पुसतो. तू दार सोडू नकोस."

हातभर अंतर. ते कापायला त्याला किती वेळ लागला ते आत्याला सांगता येत नाही. ती म्हणते, मी त्या वेळात म्हातारी झाले. शेवटी रोलरचा ओला आवाज आला. एकदा, दोनदा. काडीने कान्यावर पांढरा रंग फिरवला. मग उरलेल्या 'का'वर.

आणि दार सुटलं.

पैलवान बाहेरून ढकलतच होता, तो तोंडावर आत आला. आत्या त्याच क्षणी उचलली गेली. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. जिन्यात, वळणावर, वरच्या दालनात, चहूबाजूंनी पावलं. सप सप सप सप. कुणी दिसत नव्हतं. कुणीतरी रडत होतं, कुणीतरी हसत होतं, सुटल्यावर माणूस हसतो तसं. मग ऊन डोळ्यांवर आलं आणि ती रस्त्यावर एकटीच उभी होती. पायात चप्पल नव्हती.

समोरचा चावीवाला तिच्याकडे बघत होता.

"काय हो, एवढी घाई?" त्याने विचारलं.

तिने मागे पाहिलं.

काडी नव्हता.

ती परत खाली धावली. तिला विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणते, भीती वाटायला मी एकटी थोडीच होते, माझा भाऊ खाली होता.

पैलवान खालच्या पायरीवर बसला होता. शर्टाची बटणं तुटलेली, चेहरा चुन्यासारखा.

"माझ्या अंगावरून कोण कोण गेलं, ताई?" त्याने विचारलं.

आत्या त्याला ओलांडून आत गेली.

काडी कोपऱ्यात होता.

'का' पुसून जी पांढरी जागा झाली होती, बरोबर त्या जागेसमोर. तोंड भिंतीकडे. हात अंगालगत. आणि तो झुकलेला होता… सगळाच्या सगळा, टाचांपासून डोक्यापर्यंत एका रेघेत. पायांच्या पुढे डोकं.

आत्याला वाटलं, कपाळ टेकलंय भिंतीला, म्हणून पडत नाही. तिने वाकून पाहिलं.

कपाळ टेकलेलं नव्हतं. भिंत आणि कपाळ यांच्यात बोटभर उजेड होता.

त्या कोनात माणूस उभा राहू शकत नाही. करून बघा.

"काडी."

"ताई, पुढे जागा नाही," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण फार लांबून येत होता.

तिने दंड धरून ओढलं. तो खांबासारखा. पैलवान आला, त्यानेही ओढलं. बोटभर हलला नाही. त्याचा श्वास मात्र आखूड होत चालला होता. प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा छोटा. ओठ निळे पडायला लागले.

आत्या तेव्हा रडायला लागली. ओढत होती आणि रडत होती. आणि रडता रडता तिला आजोबा आठवले, दुकानाच्या दाराशी उठून जाणारे. मागे कशाला ओढायचं? पळणाऱ्याला कोणी मागे ओढतं का? त्याला वाट दाखवायची.

तिने ओढणं सोडलं. त्याच्या मागे उभी राहिली, दोन्ही खांदे धरले आणि त्याला फिरवलं.

लहान पोराला शाळेच्या दिशेने फिरवतात तसं. दाराकडे. उघड्या दाराकडे.

तो फिरला. अगदी सहज फिरला.

"जा," ती म्हणाली.

आणि काडी धावत सुटला.

जिना चढून, रस्ता ओलांडून, वस्ती संपेपर्यंत. तो संध्याकाळी सापडला, पार बाहेरच्या मोकळ्या मैदानावर. चौफेर काही नाही अशा ठिकाणी मधोमध बसलेला. तळपाय सोललेले. आत्याला बघून म्हणाला, "ताई, भूक लागली." तेव्हा कुठे तिने त्याला दोन धपाटे घातले आणि मिठी मारली.

पैलवानाने ती भिंत पूर्ण पांढरी करून घेतली. जिम चालली. दार मात्र काढून टाकलं, नुसती चौकट ठेवली.

बाबा आता सत्तरीला आलेत. कोणत्याही फोटोत बघा, ते उजवीकडे झुकलेले दिसतात. पासपोर्टचा फोटोग्राफर दर वेळी वैतागतो. भिंतीकडे तोंड करून ते कधी झोपत नाहीत. आमच्या घरी संडासाचं दार सोडलं तर कोणतंही दार बंद होत नाही, आणि त्यावरून आई आजही भांडते.

आता मी हे आज का सांगतोय?

मी अक्षरांचंच काम करतो, पण कॉम्प्युटरवर. काही वर्षांपूर्वी आजोबांच्या उरलेल्या पाट्यांचे फोटो काढून मी धावत्या अक्षराचा फाँट केला. आत्याने परवानगी दिली, एका अटीवर. शब्दाच्या शेवटी एका अक्षराची जागा आपोआप सुटेल अशी सोय मी त्यात केली. फाँट खूप चालला. तक्रार एकच यायची, ती पुढची रिकामी जागा काढून द्या. मी दिली नाही.

मग कुणीतरी स्वतःच काढली. 'आता छान घट्ट बसतो' असं लिहून तशी नक्कल वाटलीसुद्धा. ती नक्कल कुठे कुठे गेली, मला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. दार लागल्यावर मला आत, दाराशेजारच्या भिंतीवर चिकटवलेली जाहिरात दिसली. कुठल्यातरी कुरियरची. 'लगेच पोहोचवतो'. माझीच अक्षरं. जाड, तिरकी, लाल. शेवटचा काना थेट दाराच्या कडेला भिडलेला.

बाबांना मोतीबिंदू आहे. म्हटलं, त्यांना दिसलं नसेल.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली.

मी बटण दाबलं. परत दाबलं. आत पंखा फिरत होता, तरी गरम व्हायला लागलं. आणि मग… माझ्या पाठीवर वजन आलं. हात नव्हे. नुसतं वजन.

बाबांनी त्या जाहिरातीवर हात फिरवला. खिशातून किल्ली काढली आणि चाचपडत, शांतपणे त्या स्टिकरचा शेवटचा काना खरवडून काढला. मग माझे दोन्ही खांदे धरले आणि मला दाराकडे फिरवलं.

लिफ्ट हलली. दार उघडलं. आम्ही बाहेर आलो.

मी बाबांचा हात धरून पुढे निघालो, तर ते थांबले. मागे लिफ्टचं दार मिटायला येत होतं आणि अर्ध्यावरून परत उघडत होतं. मधे कुणी आलं की उघडतं, तसं. परत मिटायला आलं, परत उघडलं. परत. परत.

लिफ्ट रिकामी होती.

खाली जायला एक बाई उभ्या होत्या, त्या आत शिरायला लागल्या. बाबांनी हात आडवा घातला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "अजून उतरतायत."